पाण्याखालचं फुटेज ब्लर येतंय? कॅमेरा बदलायच्या आधी हे करून बघा

स्वस्तातला ॲक्शन कॅमेरा जमिनीवर चांगला चालतो, आणि तोच वॉटरप्रूफ केसमध्ये घालून पाण्यात नेला की नंतर मोठ्या स्क्रीनवर बघताना जीव जातो. सगळं मऊ, धुरकट, निळसर-हिरवट, मासा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मग बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात की कॅमेरा फालतू आहे, महागातला घेतल्याशिवाय काही जमणार नाही. मला हे पटत नाही. महागड्या कॅमेऱ्याचे फायदे आहेतच, पण पाण्याखालच्या ब्लरमधला बराचसा भाग कॅमेऱ्याचा नसतोच, तो केसच्या काचेचा असतो, आत धरलेल्या वाफेचा असतो, कमी उजेडाचा असतो आणि सगळ्यात जास्त म्हणजे मधल्या पाण्याचा असतो. नवीन कॅमेरा आणला तरी हे सगळे तिथेच असणार आहेत.

ब्लर हा एकच आजार नाही, पाच-सहा वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची लक्षणं वेगळी. तुमच्याकडे आत्ता जी खराब क्लिप पडलीय ती उघडा आणि नीट बघा. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सगळंच फोकसबाहेर असेल, जवळचंही आणि लांबचंही, तर भानगड केसच्या काचेत किंवा लेन्समध्ये आहे. सुरुवातीला स्वच्छ आणि दहा-पंधरा मिनिटांनी मधोमध पांढरट ढग आला तर ती वाफ. एकाच जागी गोल धूसर डाग बसलाय तर थेंब नाहीतर बुडबुडा. कॅमेरा स्थिर असताना छान आणि जरा हलला की सगळं फरफटलेलं दिसतंय तर शटर स्लो पडलंय. जवळचं खडखडीत पण लांबचं सगळं धुक्यात गेल्यासारखं, तर तो दोष पाण्याचा. आणि बाहेरच्या कडा ठीक आहेत पण आतलं बारीक काम, माशाचे खवले, वाळूचे कण, सगळं कोणीतरी बोट फिरवून लिंपलंय असं वाटतंय, तर उजेड कमी पडलाय आणि कॅमेऱ्याने आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवून मग नॉइज (चित्रात येणारे दाणे) पुसायचा प्रयत्न केलाय.

एकदा हे ओळखलं की अर्धं काम झालं, कारण यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. लोक वाफेसाठी शार्पनेस वाढवतात आणि काचेच्या दोषासाठी टॉर्च विकत घेतात, त्याने काय होणार.

आधी कोरड्यावर टेस्ट, मग पाण्यात

एक छापील कागद घ्या, वर्तमानपत्राचं पान सगळ्यात बरं कारण त्यात मोठी-छोटी सगळ्या साइजची अक्षरं असतात. भिंतीला लावा, चांगला उजेड असू द्या, कॅमेरा कशावर तरी ठेवून ३० सेमी, ५० सेमी, १ मीटर आणि ३ मीटर अशा अंतरांवरून दहा-दहा सेकंदांची क्लिप घ्या. पहिल्यांदा केसशिवाय, मग तेच सगळं केस घालून. आणि तिसऱ्यांदा पाण्यात, म्हणजे मोठं टब असेल तर टब, पिंप असेल तर पिंप, नाहीतर स्विमिंग पूल, कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट हवाबंद करून किंवा लॅमिनेट करून. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं त्यामुळे तिथे बघून ठरवू नका, फाइल काढा आणि मोठ्या स्क्रीनवर पूर्ण साइजला बघा.

आता निकाल वाचायचा. केसशिवायच मऊ येत असेल तर लेन्स फॅक्टरीतूनच नीट फोकस केलेली नाही, स्वस्त कॅमेऱ्यांत हे होतं. या कॅमेऱ्यांना ऑटोफोकस नसतो, लेन्स एका जागी फिरवून डिंकाने पक्की केलेली असते आणि तो फिरवणारा हात जरा चुकला की कॅमेरा जन्मभर चुकतो. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल आणि हात स्थिर असेल तर लेन्सची रिंग किंचित फिरवून फोकस लावता येतो, पण आधी डिंक सोडवावा लागतो आणि अगदी एक-दोन अंशांच्या फरकानेही चित्र बदलतं, त्यामुळे घाई नको. केसशिवाय छान आणि केस घातल्यावर कोरड्यावरच मऊ, तर केसच्या काचेवर ओरखडे आहेत, बोटांचे ठसे आहेत, किंवा (हे हसण्यावारी नेऊ नका) पॅकिंगची पारदर्शक फिल्म काढायची राहिलीय. ती फिल्म इतकी स्वच्छ असते की दिसतच नाही, कधी काचेच्या बाहेर असते, कधी आतूनही असते, आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सवर एक वेगळी. नखाने कोपरा चाचपून बघा.

आणि केस घालून कोरड्यावर एकदम कडक पण पाण्यात गेलं की सगळ्या अंतरांवर मऊ, असं असेल तर काचेचा आकार बघा.

गोल काच आणि सपाट काच

ही गोष्ट कळली ना की डोक्यातला बराच गोंधळ संपतो म्हणून इथे जरा थांबतो. केसची काच बाहेरच्या बाजूला फुगीर, म्हणजे डोमसारखी असेल, तर हवेत ती काही करत नाही, प्रकाश आरपार जातो. पाण्यात मात्र बाहेर पाणी आणि आत हवा, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) साधारण १.३३ आणि हवेचा १, त्यामुळे तो फुगीर पृष्ठभाग स्वतःच एक लेन्स बनतो. लांबच्या सगळ्या गोष्टींची प्रतिमा कॅमेऱ्याला काचेच्या अगदी पुढ्यात असल्यासारखी दिसते, ढोबळ हिशोबाने डोमच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर. म्हणजे डोमची त्रिज्या २ सेमी असेल तर वीस मीटरवरचा खडकसुद्धा लेन्सच्या दृष्टीने ६ सेमीवर आहे. मोठे कॅमेरे ऑटोफोकसने तिथे फोकस लावतात, आपला फिक्स फोकस कॅमेरा साधारण ३० सेमीपासून पुढेच बघू शकतो. मग फोकस लागणार कुठून.

हे फक्त स्वस्त कॅमेऱ्यांचं रडगाणं नाही. गोप्रो या ॲक्शन कॅमेरा कंपनीच्या सुरुवातीच्या मॉडेलांच्या केसला अशीच गोल काच होती आणि पाण्याखाली व्हिडिओ मऊ यायचा, मग त्यांनी सपाट काचेची वेगळी डाइव्ह केस काढली आणि २०१२ च्या हिरो ३ पासून नेहमीच्या केसलाच सपाट काच आली. तेव्हा तुमच्याकडे जुन्या घडणीची गोल काचेची केस असेल तर तिच्यावर सेटिंगचे प्रयोग करत बसू नका, सपाट काचेची केस घ्या, बाकी कशावरही खर्च करण्याआधी हा करा. जुन्या केसमध्ये गोल काच काढून सपाट बसवता येते असे किटही मिळतात पण तिथे वॉटरप्रूफिंग आपल्या हाताने करावं लागतं, आणि ते जमलं नाही तर कॅमेरा गेला.

मग ते अर्धं पाण्यात अर्धं वर असे स्प्लिट शॉट काढायचे मोठे डोम कसे चालतात? तिथे त्रिज्या मोठी असते, सात-आठ सेमी धरा, त्यामुळे प्रतिमा वीस-पंचवीस सेमीवर पडते, शिवाय कॅमेरा डोमच्या बराच आत बसलेला असतो, म्हणून एकूण अंतर फोकसच्या हद्दीत येतं. पण ते खास त्या शॉटसाठी, रोजच्या पोहण्यात एवढं मोठं धूड सांभाळणं कठीण.

सपाट काचेलाही तिची किंमत आहे. तिच्यातून सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं आणि पाव हिश्शाने जवळ दिसतं, म्हणजे वाइड अँगल आपोआप कमी होतो, आणि फ्रेमच्या कोपऱ्यांत रंगाच्या कडा सुटतात, चित्र ताणलेलं दिसतं. हे जाणार नाही, याच्यासोबत जगायचं. मुख्य विषय मधल्या भागात ठेवा, आणि कॅमेऱ्यात मीडियम व्ह्यूचा पर्याय असेल तर टेस्ट करून बघा, कोपरे कापले जाऊन चित्र एकसारखं शार्प वाटतं. काही स्वस्त मॉडेलांत मात्र मीडियम म्हणजे नुसता डिजिटल झूम असतो, त्यात उलट नुकसान, हे वर्तमानपत्राच्या टेस्टमध्ये लगेच कळतं.

अजून एक, जे फार कोणी सांगत नाही. सपाट काचेतून ४० सेमीवरची वस्तू लेन्सला ३० सेमीवर दिसते. म्हणजे तुमचा कॅमेरा हवेत ३० सेमीपर्यंत फोकस करत असेल तर पाण्यात त्याची हद्द खरं तर ४० सेमी झाली. खेकड्याच्या अगदी तोंडाशी कॅमेरा नेऊन काढलेला शॉट म्हणूनच मऊ येतो आणि त्याच्यामागचा दगड शार्प. एकदम जवळचं काढायचंच असेल तर पाण्याखाली वापरायची म्हणूनच बनवलेली मॅक्रो लेन्स लावा, साधी क्लोजअप लेन्स पाण्यात बुडाली की तिची बरीचशी ताकद निघून जाते.

वाफ, थेंब, बुडबुडे

केसच्या आतल्या हवेत दमटपणा असतो, कॅमेरा चालू झाला की गरम होतो, बाहेर गार पाणी काचेला लागलेलं, मग आतली वाफ काचेवर धरणारच. त्यामुळे खरा उपाय म्हणजे केस कुठे आणि कधी बंद करता हा. एसीच्या खोलीत, कोरड्या हवेत, कोरड्या हातांनी, निघायच्या आधीच बंद करा आणि मग उघडू नका. बोटीवर किंवा किनाऱ्यावर उन्हात उभं राहून केस उघडून बॅटरी बदलली की त्या क्षणी दमट गरम हवा आत कोंडली, पुढची सगळी डाइव्ह ढगात. बॅटरी बदलावी लागणारच असेल तर सावलीत, टॉवेलने केस आणि हात दोन्ही कोरडे करून, डोक्याच्या केसांतून पाणी टपकत नाहीये ना ते बघून.

आत सिलिका जेलची छोटी पुडी किंवा अँटीफॉग पट्टी ठेवा, पण ती कोरडी असली पाहिजे, महिनाभर उघड्यावर पडलेली पुडी आधीच ओल पिऊन बसलेली असते. पट्टी बॅटरीच्या दाराजवळ किंवा खाली सरकवा, लेन्सच्या पुढे आणि गॅस्केटच्या (झाकणाच्या रबरी सीलच्या) मध्ये अजिबात येऊ देऊ नका. कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद ठेवा, तसंही त्याचा सिग्नल पाण्यात काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही, मोबाइलवर बघता येणारच नाही, नुसता गरम होतो आणि बॅटरी खातो. स्क्रीन आपोआप बंद व्हायची सेटिंग चालू करा. पाण्यात शिरायच्या आधी कॅमेरा उन्हात तापत ठेवू नका, ओल्या कपड्याखाली किंवा गार पाण्याच्या बादलीत असू दे.

बाहेरच्या बाजूचं वेगळं. पाण्यात शिरल्या शिरल्या काचेवर बारीक बुडबुडे चिकटतात आणि उतरल्यावर पहिला हात तिथे फिरवायची सवय लागलीच पाहिजे, नंतरही दर थोड्या वेळाने. काच आधीच ओली करून ठेवली की बुडबुडे कमी धरतात. रंगाचा फिल्टर लावला असेल तर त्याच्या आणि काचेच्या मध्ये हवा अडकते, म्हणून पाण्याखाली गेल्यावर फिल्टर एकदा काढून आतलं पाणी खळबळवून परत लावा. स्नॉर्कलिंग करताना वर-खाली होताना थेंबांचा त्रास जास्त, तिथे काचेवर अगदी थोडा बेबी शाम्पू चोळून धुऊन टाकला तर पाणी थेंब न धरता पसरून उतरतं. आणि सनस्क्रीनच्या किंवा डास पळवायच्या क्रीमच्या हातांनी काचेला हात लावू नका, सनस्क्रीनचा तेलकट थर पाण्याने जात नाही आणि डीट असलेलं रिपेलंट तर प्लास्टिकच खातं.

गळतीचंही इथेच सांगून टाकतो. केस नवीन असो की जुनी, कॅमेरा न घालता आत टिश्यू पेपर ठेवून पाण्यात अर्धा तास दाबून ठेवा, पेपर कोरडा निघाला तर ठीक. गॅस्केटवर डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो पाणी यायला, म्हणून बंद करण्याआधी बोट फिरवून तपासा. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, तेव्हा बादलीत पास झाली म्हणजे खोलवरही पास असं नसतं, केसवर लिहिलेल्या मर्यादेच्या बऱ्याच आतच राहा. खोलवर दाबाने स्प्रिंगची बटणं आपोआप दाबली जातात असंही होतं, रेकॉर्डिंग मध्येच थांबलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो, म्हणून अधूनमधून लाल दिवा बघत जा.

सेटिंग

डब्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. स्वस्त कॅमेऱ्यांत बऱ्याचदा सेन्सरलाच तेवढे पिक्सेल नसतात, कमी रिझोल्युशनचं चित्र ताणून ४के ची फाइल बनवतात, वर फ्रेम रेटही पडतो. त्याच वर्तमानपत्राच्या टेस्टमध्ये १०८०पी, २.७के असेल तर ते, आणि ४के अशा तिन्ही क्लिप काढा आणि बारीक अक्षरं कुठे खरोखर जास्त वाचता येतात ते बघा. जो मोड जिंकेल तो वापरा, आकडा कुठलाही असो.

फ्रेम रेटकडे मी शटरचा ब्रेक म्हणून बघतो. या कॅमेऱ्यांत शटर स्पीड हाताने ठेवता येत नाही, पण ६० फ्रेम ठेवल्या तर एका फ्रेमला सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही, म्हणजे शटर त्याखाली घसरत नाही. ३० ठेवल्या तर ते तिसाव्या भागापर्यंत खाली येऊ शकतं आणि पोहताना हात हलतोच, मग सगळं फरफटतं. तेव्हा वरच्या चार-पाच मीटरमध्ये, स्वच्छ उन्हात, १०८०पी ला ६० फ्रेम. शिवाय एडिटमध्ये अर्ध्या वेगाने चालवता येतं आणि पाण्याखालची हालचाल स्लो केली की सुंदरच दिसते. खोल, अंधारं, गढूळ असेल तिथे ६० मध्ये उजेड पुरत नाही, नॉइज वाढतो, तिथे ३० वर या आणि कॅमेरा जास्तीत जास्त स्थिर धरा.

आयएसओची वरची मर्यादा ठेवता येत असेल तर ४०० ठेवा, फार तर ८००. ऑटोवर सोडलं की कॅमेरा आयएसओ चढवतो, मग स्वतःच नॉइज पुसतो आणि त्यासोबत तपशीलही पुसला जातो, आणि ते गेलेलं एडिटमध्ये परत येत नाही. चित्र थोडं काळं आलं तर चालेल, लिंपलेलं नको. एक्स्पोजर उणे ०.३ किंवा उणे ०.५ वर ठेवलं तर वरून येणारा उजेड आणि पांढरी वाळू जळत नाही. शार्पनेसला हाय, मीडियम, लो असे पर्याय असतात, त्यात हाय कधीच नको, तो खरा तपशील आणत नाही, फक्त कडांना काळी-पांढरी किनार काढतो आणि पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण ठळक करतो. मीडियम ठीक, एडिट करणार असाल तर लो. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा साठवला जातो ते) किंवा क्वालिटीचा पर्याय असेल तर सगळ्यात वरचा, आणि मेमरी कार्ड किमान यू३ हा वेगाचा वर्ग लिहिलेलं.

स्टॅबिलायझेशनबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, पण पाण्याखाली स्वस्त कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन मी बंद ठेवायला सांगेन. ते फ्रेम कापून, सरकवून काम करतं, म्हणजे आधीच अरुंद झालेला व्ह्यू अजून अरुंद. कमी उजेडात प्रत्येक फ्रेमच आतून फरफटलेली असते, तिला सरकवून स्थिर केलं तर चित्र जागेवर राहतं पण धडधडल्यासारखं शार्प-मऊ-शार्प होत राहतं. आणि जायरोवर (कॅमेरा किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारं असेल तर त्याचा हिशोब हवेतल्या व्ह्यूचा, पाण्यात सपाट काचेतून सगळं १.३३ पट मोठं झालेलं, त्यामुळे दुरुस्ती अपुरी पडते. त्यापेक्षा दोन्ही हातांनी धरायचा ट्रे घ्या. सेल्फी स्टिक एका हातात लांब धरून काढलेलं फुटेज थरथरणारच, दोन मुठींच्या मध्ये कॅमेरा असला, कोपरं अंगाशी असली की पाणीच कॅमेऱ्याला धरून ठेवतं.

अंडरवॉटर मोड म्हणून जो असतो तो फक्त डिजिटल लाल रंग वाढवतो. उथळ पाण्यात कधीकधी बरा वाटतो, खोलवर तो लाल रंगासोबत लाल नॉइजही वाढवतो. मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

जवळ जा

वरचं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात कण असतात, प्रत्येक कण उजेड विखरतो, आणि तुमच्या आणि माशाच्या मध्ये जेवढं पाणी जास्त तेवढा कॉन्ट्रास्ट कमी. कॉन्ट्रास्ट गेला की डोळ्याला ते ब्लरच वाटतं, फोकस कितीही अचूक असू दे. पाण्यात १० मीटरपर्यंतचं दिसतंय म्हणून ८ मीटरवरचं कासव काढायला गेलात तर एक राखाडी ठिपका मिळेल. मी ढोबळ मानाने जेवढं लांबचं दिसतं त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहायचा प्रयत्न करतो, आणि सगळ्यात उत्तम पट्टा ४० सेमी ते १ मीटर. वाइड लेन्स असल्यामुळे मीटरभर जवळ गेलं तरी मासा फ्रेममध्ये मावतो, उलट तेव्हाच तो फ्रेममध्ये जरा दिसायला लागतो.

जवळ जायचं म्हणजे पाठलाग करायचा नाही. पाठलागात फक्त शेपट्या मिळतात. एका जागी शांत थांबा, श्वास सावकाश, हातपाय कमीत कमी, मासे आपणहून जवळ येतात. पायाचे फिन तळाला लागू देऊ नका, एकदा वाळू उडाली की ती जागा बराच वेळ कामाची राहत नाही, तुमच्यासाठीही आणि मागून येणाऱ्यांसाठीही, आणि प्रवाळाला तर हात-पाय काहीच लावायचं नाही, शॉट गेला तरी चालेल. कॅमेरा वरून खाली रोखण्यापेक्षा विषयाच्या बरोबरीला किंवा किंचित खालून वर धरा, मागे निळं पाणी आलं की आकार उठून दिसतो. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धरा, पॅन करायचंच, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचाच तर वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने.

सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे साधारण दहा ते दोनच्या मध्ये, उजेड पाण्यात सगळ्यात खोल जातो. सकाळ-संध्याकाळी तिरके किरण पृष्ठभागावरूनच जास्त परावर्तित होतात. सूर्य पाठीशी ठेवा.

रंगाचं गणितही अंतराचंच आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, पाचेक मीटरमध्येच तो जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. आणि हे नुसतं खोलीचं अंतर नाही, वरून खाली आलेला उजेड परत विषयापासून लेन्सपर्यंत जातो ते अंतरही त्यात धरायचं, ५ मीटर खोल आणि विषय २ मीटर लांब म्हणजे ७ मीटर पाण्यातून गेलेला उजेड. म्हणून जवळ गेलं की रंगही सुधारतो. साधारण ३-४ मीटरपासून पंधरा-वीस मीटरपर्यंत निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावा, हिरव्या पाण्यात मजेंटा (गुलाबी-जांभळा). फिल्टर उजेड खातो हे लक्षात ठेवा, ढगाळ दिवशी किंवा गढूळ पाण्यात तो लावून उलट नॉइज वाढतो, तिथे काढून टाका. फार उथळ पाण्यात लावला तर सगळं लालभडक.

टॉर्च लावणार असाल तर फिल्टर काढा, टॉर्चच्या उजेडात लाल रंग असतोच. टॉर्च कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावायची नाही, लेन्सच्या समोरचेच सगळे कण चमकतात आणि बर्फ पडतोय असा व्हिडिओ येतो. बाजूला वीस-तीस सेमी लांब, दोन्हीकडे एकेक असेल तर उत्तम, आणि तोंड किंचित बाहेरच्या बाजूला, म्हणजे विषयावर उजेडाची फक्त कड पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. बारीक झोताची टॉर्च मधोमध पांढरा गोळा करते, रुंद झोताची घ्या. आणि एवढं करूनही तिचा उपयोग मीटरभरच, त्यापुढे नाही.

एडिट

आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि थोडा लाल, मग कॉन्ट्रास्ट किंवा डीहेझ (धुरकटपणा काढणारा पर्याय), सगळ्यात शेवटी शार्पनिंग आणि तेही चिमूटभर. लाल रंग ओढून ओढून काढायला गेलात तर त्या चॅनलमध्ये काही उरलेलंच नसतं, नुसता नॉइज वर येतो, तेव्हा पाणी थोडं निळं राहिलं तर राहू दे. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग होतं. २.७के किंवा खऱ्या ४के मध्ये काढलं असेल तर १०८०पी ला उतरवा, चित्र आपोआप घट्ट दिसतं. एक्स्पोर्ट करताना बिटरेट सढळ ठेवा, कारण हलणारं पाणी, तरंगणारे कण आणि निळ्याच्या हलक्या छटा हे कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातं, आणि व्हॉट्सॲपवर नुसता व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप बघून कॅमेऱ्याला नावं ठेवू नका, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा आणि मग बघा.

आणि पाण्यातून आल्यावर केस उघडायच्या आधी गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आतच बटणं दाबून हलवा म्हणजे स्प्रिंगमधलं मीठ निघतं, मग सावलीत वाळवा. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात, आणि पुसायला गेलात की काचेवर ओरखडे उठतात, मग पुढच्या वेळी परत वर्तमानपत्राची टेस्ट करायला लागते.